हक्कसोडवर सही करू की नको, आणि आईच्या खाराचं काय?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई एकेचाळीस वर्षांच्या, राहतात कल्याणला, माहेर पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या बाजूला, खारेपाटातल्या एका गावात. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मागे आई, दोन भाऊ आणि ह्या. सव्वातीन एकर खार (खाडीला बांध घालून मिळवलेली शेतजमीन) आहे, एकपिकी भाताचा. वडील आजारी होते त्याच पावसाळ्यात बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड गेली (तो फुटला), ती कुणी नीट बांधली नाही, खालच्या निम्म्या शेतात उधाणाचं पाणी शिरतं आणि आता तिथे गुडघाभर तिवरं उभी आहेत. वरचा निम्मा तेव्हापासून ओसाड. थोरल्या भावाला जमीन विकायची आहे, एजंट म्हणतो पावसाआधी व्यवहार करा, नंतर गिऱ्हाईक मिळणार नाही. धाकटा म्हणतो विकायची कशाला, एक जण कोळंबीच्या तलावासाठी पाच वर्षं भाड्याने मागतोय, त्याला देऊ. दोघांनाही ताईंची हक्कसोडवर सही हवी आहे, "तुझा वाटा नंतर देऊच की". नवरा म्हणतो अजिबात सही करू नकोस. आणि आई कुणाशीच काही बोलत नाही, फक्त राताचं (खारात होणाऱ्या जुन्या भाताच्या जातीचं) बियाणं डब्यात जपून ठेवलंय आणि दर मे महिन्यात ते बाहेर काढून उन्हात घालते. ताई विचारतात: "मी अडवलं तर भावांच्या वाईटावर आले असं होईल, सही केली तर आईचं मन मोडेल. शेती तर आता मेलीच आहे. मी नुसती आठवणींपायी अडून बसलेय का?"

ताई, तुमच्या पत्रात भाऊ आहेत, नवरा आहे, एजंट आहे, कोळंबीवाला आहे, पण मी अडकले ती "शेती तर आता मेलीच आहे" ह्या वाक्यापाशी. हे तुम्ही इतक्या सहज लिहून पुढे गेलात आणि पुढचं सगळं पत्र त्याच्यावरच उभं आहे. माझं आजोळ खारेपाटातलं, म्हणून जरा हक्काने विचारते, शेती मेली हे कुणी ठरवलं? तुमच्याच पत्रात लिहिलंय की खांड गेली आणि ती बांधली नाही. म्हणजे बांध फुटलाय. शेती मरणं आणि बांध फुटणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुठली खरी आहे त्यावर तुमच्या सहीचं उत्तर बदलतं.

खार म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण हे इतर वाचकही वाचतात म्हणून थोडं सांगते. ही जमीन मुळात समुद्राची. भरतीचं पाणी जिथे पसरायचं तिथे लोकांनी चिखलाचे बांध घालून ती उचलून घेतली. खाडीकडचा तो बाहेरकाठा, आतला आतकाठा, आणि मधे उघाडी. उघाडीची झडप अशी बसवलेली असते की ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं आणि भरती आली की बाहेरचं पाणीच तिला दाबून बंद करतं. एवढ्यावर सगळी शेती. उन्हाळ्यात जमिनीखालचं खारं पाणी वर चढतं, वर येऊन सुकतं, मग खाचराला भेगा पडतात आणि भेगेच्या कडेला पांढरी मिठाची साय दिसते, बोट लावून चाटलं तर जीभ चरचरते. जूनमध्ये पाऊस लागला की तोच पाऊस हे मीठ धुऊन उघाडीतून खाडीत नेऊन टाकतो, जुलै-ऑगस्टला माती गोडी होते आणि तेवढ्या तीन-चार महिन्यांत भात उभं राहतं. माझे आजोबा रहू टाकायच्या आधी खाचरातला चिखल चिमटीत घेऊन जिभेवर ठेवायचे, थुंकायचे आणि म्हणायचे अजून दोन सरी येऊ दे. (रहू म्हणजे मोड आलेलं बी चिखलावर फोकायचं, आवण काढून लावणी करायची नाही, खारात अनेक ठिकाणी तशीच पेरणी होते.)

तर ह्यात पाऊस कमी पडला असं कोकणात फारसं होत नाही. कमी पडतो तो बांध. चिंबोऱ्या आणि उंदीर बिळं करतात, त्या बिळातून आधी बोटाएवढी धार लागते, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिची खांड होते आणि एका रात्रीत शेत खारं. एकदा खारं पाणी शिरलं की दोन-तीन पावसाळे भाताचं नाव घ्यायचं नाही असं जुनी माणसं सांगतात, पण त्याचा दुसरा अर्थ असा की बांध बंद झाला तर दोन-तीन पावसाळ्यांनी माती परत येते. वरच्या निम्म्यात उधाणाचं पाणी येत नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं, मग तो निम्मा मेलाय की बाबा गेल्यानंतर कुणी पेरलाच नाही म्हणून नुसता पडलाय? हे भावांना विचारण्याआधी मातीला विचारा. वरच्या भागातली चार ठिकाणची माती घेऊन परीक्षणाला द्या, क्षाराचा आकडा येतो. तो ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या खाली असेल तर साध्या व्याख्येत ती जमीन खारवट धरत नाहीत, आणि थोडा वर असला तरी खारातल्या जाती त्यासाठीच आहेत. तुमच्या आईचा राता तर आहेच, शिवाय दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, त्यांच्या पनवेल १, २, ३ ह्या जाती ह्याच मातीसाठी काढलेल्या. परीक्षण उन्हाळ्यात कराल तर आकडा चढाच येणार, त्याला घाबरू नका, जुलैअखेर परत एकदा करा आणि खरं चित्र ते धरा.

आता बांधाचं. तुम्ही तिघं भावंडं भांडताय सव्वातीन एकरावर, पण बाहेरकाठा तुमच्या सव्वातीन एकराचा नाही, तो त्या खारातल्या सगळ्या खातेदारांचा आहे. खांड एका जागी असते, पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. म्हणून तर आपल्याकडे जोळ होता, घरटी माणूस यायचं, ज्याचं जेवढं शेत तेवढं त्याच्यावर काम, बायका चिखलाची ढेकळं हातोहात पुढे द्यायच्या आणि भरती यायच्या आत खांड बुजवायची. माणसं कंपनीत, गाड्यांवर, मुंबईला गेली आणि जोळ बसला. मला वाटतं तुमच्या गावातही पाच-पन्नास घरांत आत्ता हेच चाललंय, प्रत्येक घर आपापल्या ओटीवर बसून "विकायची की ठेवायची" करतंय आणि बांधावर कुणीच जात नाहीये. म्हणून पहिलं काम हे करा की आपल्या खारात एकूण खातेदार किती, त्यातले किती कसायला तयार आहेत आणि आपली खार योजना शासकीय आहे की खासगी, हे शोधून काढा. शासकीय असेल तर दुरुस्ती खारभूमी विभागाकडे मागायची, १९७९चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा त्यासाठीच आहे, अर्ज एकट्याचा देऊ नका, सगळ्या खातेदारांच्या सह्यांचा द्या आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. खासगी असेल तर शासकीय योजनेत घ्या म्हणून मागणी करता येते, आणि तोवर काही काम रोजगार हमीतून बसतंय का ते ग्रामपंचायतीत विचारा. लगेच होईल असं मी म्हणणार नाही. पण बाकीचे खातेदार काय करणार आहेत हे कळलं की तुमचं उत्तर निम्मं तिथेच मिळेल. वीस जण कसायला उभे राहिले तर तुमची शेती जिवंत आहे. सगळ्यांनीच पाठ फिरवली असेल तर एकट्या आईच्या इच्छेवर बाहेरकाठा टिकत नाही, हेही मन घट्ट करून मानावं लागेल.

आणि आईचं म्हणाल तर ताई, रागावू नका, पण पत्रात तुम्ही आईला फक्त "मन" म्हणून आणलंय. आईचं मन मोडेल, आईला वाईट वाटेल. अहो, आई मालक आहेत! बाबा गेल्यावर वारस नोंद झाली असेल तर सातबाऱ्यावर चार नावं हवीत, आई, दोन भाऊ आणि तुम्ही, आणि आईचा त्यात स्वतःचा वाटा आहे. वारस नोंद झालीच नसेल तर आधी ती करा, तलाठ्याकडे अर्ज जातो. आईच्या सहीशिवाय त्यांचा वाटा कुणी विकूही शकत नाही आणि भाड्यानेही देऊ शकत नाही. असं असताना तिन्ही मुलांपैकी एकानेही त्यांना "तुमच्या वाट्याचं काय करायचं" हे विचारलेलं पत्रात दिसत नाही. कदाचित म्हणूनच त्या बोलत नसतील. बोलून उपयोग काय, असं एकदा बाईच्या मनात बसलं की ती डबा उघडते, बी उन्हात घालते आणि परत झाकण लावते. तुम्ही त्यांच्याजवळ एकट्या बसा, वहिनी-भाऊ नसताना, आणि सरळ विचारा की आई, तुला पेरायचंय का, किती पेरायचंय, कुणाच्या मदतीने. त्या कदाचित म्हणतील मला दहा गुंठे पुरे. कदाचित म्हणतील मला पेरायचं नाही पण माझ्या डोळ्यांदेखत विकू नका. त्या म्हणतील विकून टाका, हेही होऊ शकतं, त्यालाही तयारी ठेवा.

हक्कसोडचं मात्र मी स्पष्ट सांगते, नंतर देऊ ह्या शब्दावर सही करू नका. ह्यात भावांवर अविश्वास दाखवायचा नाहीये, कागद कसा चालतो एवढंच आहे. नोंदणीकृत हक्कसोड झाला की तुमचा हक्क संपला, फेरफार होतो, नाव निघतं, आणि "नंतर"चा कुठेच कागद नसतो. उद्या थोरल्या दादाच्या मनात असूनही व्यवहार फिसकटला किंवा पैसे दुसरीकडे लागले तर तुम्ही मागणार कशाच्या जोरावर, आणि मागितलंत तर नातं आत्ता बिघडेल त्यापेक्षा जास्त बिघडेल. विकायचंच ठरलं तर तुम्ही चौघंही खरेदीखतावर विकणारे म्हणून सह्या करू शकता आणि प्रत्येकाची रक्कम प्रत्येकाच्या खात्यात येऊ शकते, त्याला हक्कसोड लागतच नाही. मुलीचा हक्क म्हणजे भावांच्या पोटावर पाय असं आपल्याकडे अजून वाटतं, तुम्हालाही वाटतं, "वाईटावर आले" हा तुमचा शब्द आहे. २००५च्या दुरुस्तीपासून वडिलार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा म्हटलाय. सगळं समजून, स्वखुशीने सोडावासा वाटला तर जरूर सोडा, भावांना गरज असेल आणि तुमचं बरं चाललं असेल तर त्यात मोठेपणच आहे. फक्त घाईत आणि लाजेखातर सोडू नका.

थोरल्या दादाच्या बाजूने बघू. विकणं हे पाप नाही. कर्ज असेल, मुलांची शिक्षणं असतील, खारात आयुष्यभर चिखल तुडवून काय मिळालं हा प्रश्न त्यालाही पडत असेल आणि तो प्रश्न खरा आहे. पण एजंटच्या घाईवर माझा विश्वास नाही. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच वर्षी उरण-पनवेल-पेणमधल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर प्राधिकरण नेमलं, लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात, तेव्हापासून आपल्या भागात पावसाआधी-दिवाळीआधी म्हणत फिरणारे खूप झालेत. जमीन पावसानंतरही तिथेच असणार. आधी तुमचं गाव त्या १२४मध्ये आहे का बघा, मग जमीन भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी) आहे की वर्ग २ (विकायला अटी असलेली) ते बघा. खारेपाटातली बरीच जमीन कुळाची आहे, ती काही आयती आलेली नाही, १९३३ ते १९३९ चरीच्या शेतकरी संपात आपल्या लोकांनी खोताची शेतं पेरली नाहीत, सहा वर्षं हालात काढली, पुढे कुळकायदा आला आणि कसणाऱ्याचं नाव लागलं. तुमच्या आजोबांना ३२ म प्रमाणपत्र (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) मिळालं असेल तर विकायला कुळकायद्याच्या कलम ४३ची अट असते. प्रमाणपत्राला १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या (म्हणजे शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून विकता येते, रक्कम छोटी असते पण न भरता केलेला व्यवहार अडकतो. घेणारा शेतकरी आहे का हेही पाहा, आपल्याकडे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि "आधी साठेकरार करून कुलमुखत्यारपत्र द्या" असं कुणी म्हणालं तर स्वतःच्या वकिलाला दाखवल्याशिवाय चौघांपैकी एकानेही देऊ नका.

तिवरांचं दोन्ही भावांना नीट समजावून सांगा कारण ह्यात नकळत मोठी चूक होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ला तिवरं तोडायला बंदी घातली, २०१८च्या निकालात ती पक्की केली आणि त्यात जमीन खासगी आहे की सरकारी हा फरक ठेवलेला नाही. भोवतीच्या ५० मीटरमध्येही बांधकामाला बंधनं येतात. म्हणजे खालचा निम्मा आज तरी बांधकामाच्या कामाचा नाही. अशा वेळी कुणी सुचवतं, "व्यवहाराआधी साफ करून द्या, एका रात्रीत जेसीबी लावतो". ते कदापि करू देऊ नका, चौकशी आली की ती पहिल्यांदा सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्यांच्या दारात येते, म्हणजे तुमच्या आईच्याही. आणि खांड लवकर बांधायची म्हणते तेही ह्याचसाठी, तिवरं जेवढी पसरतील तेवढा बांधाच्या कामालाही परवानग्यांचा घोळ वाढतो. तिवराशी माझं वैर नाही हो. बाहेरकाठ्याच्या बाहेर ती असली की उधाणाची लाट बांधापर्यंत पोचताना मोडते, निवटी-चिंबोऱ्या त्यांच्याच मुळांशी वाढतात. आपण जिथे भात फोकलं त्या खाचरात त्यांची पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून वर आलेली बघताना पोटात कालवतं, मला माहीत आहे, आमच्या आजोळच्या एका तुकड्यात आता तीच आहेत. पण खालचा भाग कुणीच वाचवू शकलं नाही तर तो गेला असं म्हणून डोळे मिटून घेऊ नका, कांदळवन कक्षाची २०१७पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे, त्यात गटाने खेकडेपालन वगैरे करता येतं. गावात असा गट होतोय का बघा.

धाकट्याच्या कोळंबीला माझा नकार आहे आणि तो मी लपवत नाही. भाडं आगाऊ हातात येतं म्हणून गोड वाटतं. पण कोळंबीसाठी खारं पाणी मुद्दाम आत घेऊन साठवायचं, म्हणजे जे बाहेर ठेवायला बांध घातला तेच आत. ते पाझरून शेजाऱ्याच्या खाचरात जाणार आणि ज्यांच्याबरोबर बांध बांधायचा त्यांच्याशीच वाकडं येणार. पाच वर्षांनी तो माणूस जाईल, मीठ राहील. शिवाय ११ डिसेंबर १९९६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शेतजमीन, मिठागरं, तिवरं कोळंबीच्या तळ्यांसाठी वापरू नयेत असं म्हटलंय, आणि किनाऱ्यावरच्या मत्स्यशेतीला तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी लागते. त्या माणसाला नोंदणी दाखवा म्हणा, बहुतेक विषय तिथेच संपेल. धाकट्याला खरंच हौस असेल तर वरच्या भागात कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचं तळं काढून जिताडा सोडा, आपल्याकडे ते पूर्वीपासून करतात, त्याने शेजाऱ्याचं काही बिघडत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की भावांना नकार देऊ नका, एक पावसाळा मागा. "दादा, मी अडवत नाही, दिवाळीला बसू, तोवर मोजणी करू, वारस नोंद बघू, माती तपासू, खातेदारांना भेटू, आई काय म्हणते ते ऐकू, मग चौघं मिळून ठरवू." मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखात आत्ताच टाका, तिवराखाली किती आणि मोकळी किती हे आकड्यात कळलं की विकतानाही कुणी सगळीच पडीक म्हणून भाव पाडू शकणार नाही. दादाला पैशाची खरी निकड असेल तर ती किती हे विचारा, कधीकधी सव्वातीन एकर विकायला निघालेल्या माणसाला गरज असते तीन लाखांची, आणि ती भावंडं मिळून भागवू शकतात.

आठवणींचं विचारलंत ना. बाबांच्या मागे बांधावरून चालल्याची आठवण तुम्हाला आहे म्हणून तुम्ही भावांसारखं पटकन हो म्हणू शकला नाहीत, आणि त्या थांबण्यामुळेच हे सगळं विचारायला वेळ मिळाला. त्याची लाज वाटून घेऊ नका. फक्त त्या आठवणीचा भार आईच्या डोक्यावर टाकू नका, तुम्हाला जमीन राहावी असं वाटत असेल तर पेरणीला चार दिवस रजा काढून या, बांधाच्या बैठकीला या, वर्गणी द्या. कल्याणहून पेण काही लांब नाही.

जाल तेव्हा अमावस्या किंवा पौर्णिमा बघून जा आणि भरतीच्या वेळी आईला घेऊन बाहेरकाठ्यावर उभ्या राहा, खांड किती रुंद आहे, पाणी कुठवर चढतं ते मोबाईलमध्ये काढून घ्या, अर्जाला जोडता येईल. आणि डब्यातलं बी तपासा. दोन वर्षांचं जुनं बी आपल्या दमट हवेत बरंचसं मरतं, नुसतं ऊन दाखवून जगत नाही. शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, फडकं सुकू देऊ नका, आठवड्याने उघडून किती मोडले ते मोजा. प्रमाणित बियाण्याला ८० टक्के उगवण लागते. पन्नास-साठ आले तर बी जास्त टाकून भागेल. फारच कमी आले तर खारेपाटात राता लावणारी घरं अजून आहेत, आईंना ती माहीत असतील, त्यांच्याकडून ह्या मृगाआधी पायलीभर आणा आणि दोन गुंठ्यांत का होईना बी नवं करून घ्या, जमिनीचा निर्णय काहीही होवो. दाणे मोजायला आईंनाच बसवा.